ट्रंकेतला कागद आणि उधारीची वही

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका अठरा वर्षांच्या मुलीने लिहिले आहे. लातूरला राहून ती बारावी विज्ञान शाखेतून ७६ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली. गणितात तिला ८४ गुण आहेत. नीटमध्ये मात्र वैद्यकीय प्रवेशापुरते गुण पडले नाहीत. वडिलांचे कृषी सेवा केंद्र आहे. त्यांचे म्हणणे असे की, तिने एक वर्ष थांबून नीट पुन्हा द्यावी, नाही तर सीईटीच्या गुणांवर बी. फार्मसीला जावे, मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ असताना ‘कुणालाही मिळते ती बी.ए.’ कशाला करायची? पुण्यात आयटी कंपनीत असलेला भाऊ म्हणतो, आर्ट्सच घ्यायचे तर अर्थशास्त्र घे, इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या. मामा म्हणतात, राज्यशास्त्र घे, एमपीएससीला उपयोगी पडेल. बी.ए. म्हटले की नातेवाईक स्थळे सुचवू लागतील, ही आईची काळजी. मुलीला स्वतःला इतिहास घ्यावासा वाटतो, कारण दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या ट्रंकेत तिला एक जुना कागद सापडला आणि तो घरात कुणालाच वाचता येत नाही. सुट्टीत ती दुकानातली उधारीची वही लिहिते, असेही तिने ओघात सांगितले आहे. इतिहास घ्यावा की अर्थशास्त्र, पुण्याला जावे की जवळच राहावे, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचा या विषयांत निभाव लागेल का आणि वडिलांना काय सांगावे, असे तिचे प्रश्न आहेत.

उत्तर : तुझे पत्र मिळाले. वयाने मी तुझ्या आजीच्या बरोबरीची आहे आणि नोकरीची बहुतेक वर्षे कला शाखेच्या वर्गात शिकवण्यात गेली आहेत, म्हणून एकेरीत लिहिते. घरातल्या प्रत्येकाचे म्हणणे तू कुणालाही कमी न लेखता मांडले आहेस, हे मला फार आवडले. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. बाबा, भाऊ आणि मामा यांची मते वेगवेगळी असली, तरी तिघेही एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत : पुढे नोकरी कोणती लागेल? प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण पुढची तीन-चार वर्षे रोज तुला कशात डोके घालायचे आहे, हे तुला कुणी विचारलेले दिसत नाही, आणि तूही ते स्वतःला अजून पुरते विचारलेले नाहीस, असे मला पत्रावरून वाटले.

‘बी.ए. कुणालाही मिळते’ हे बाबांचे वाक्य तुला लागले आहे. त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. तालुक्याच्या बहुतेक ठिकाणी कला शाखेच्या प्रवेशाला चुरस नसते. दुसरीकडे कुठे जमले नाही म्हणून, भरतीची तयारी करताना हाताशी एक पदवी असावी म्हणून, किंवा घरी बसण्यापेक्षा बरे म्हणून नाव घालणारी मुले पुष्कळ असतात. त्यांतली बरीच परीक्षेपुरतीच दिसतात आणि शेवटचे पंधरा दिवस गाईड व झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स यांवर भागवतात. मी हे अनेक वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे मला दुःख आहे. परंतु हा दोष विषयांचा नाही. आपल्याकडे दहावीला बरे गुण पडलेले मूल न विचारता विज्ञानाकडे धाडले जाते. लातुरात तर शिकवण्या, वसतिगृहे, खाणावळी आणि अभ्यासिका अशी सगळी मांडणीच नीट आणि जेईईभोवती झालेली आहे. त्या वातावरणात दोन वर्षे काढलेल्या मुलीला कला शाखा ही उरलेल्यांची शाखा वाटली, तर तिचा दोष नाही. दुकानात रोज माणसे पारखणाऱ्या तुझ्या बाबांनाही ती तशीच दिसली, कारण त्यांच्यासमोर आलेले बी.ए. झालेले तरुण बहुधा काम शोधत आलेले होते.

नीट पुन्हा द्यावी का, याचे उत्तर थोडक्यात देते. डॉक्टर व्हायचे असेल तर जरूर द्यावी, त्यात कमीपणा नाही. मात्र तुझ्या चार पानांच्या पत्रात डॉक्टर होण्याविषयी एकही वाक्य नाही.

फीमाफीचा मुद्दा बाबांनी मांडला, तोही नीट पाहू. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासनाने माफ केले आहे. निर्णय चांगला आहे आणि त्यामुळे कितीतरी मुली शिकतील. परंतु खोलीभाडे आणि खाणावळ त्यात येत नाही, आणि मुळात मन नसलेल्या विषयाची चार वर्षे ही त्या हिशेबात कुणी धरत नाही. बी. फार्मसी नकोच, असे मी म्हणत नाही. औषधे कशी तयार होतात, तपासली जातात, याची ज्याला खरी ओढ आहे त्याने ती घ्यावी. फुकट आहे एवढ्याच कारणाने घेतलेली पदवी पुढे उपयोगात आणली जात नाही, हे मी माझ्या नात्यातल्या दोन मुलींच्या बाबतीत पाहिले आहे.

आता नोकरीविषयी, जसे आहे तसे. नुसत्या बी.ए.वर थेट चांगली नोकरी क्वचितच मिळते. ती पायरी आहे आणि तिच्यावर एम.ए., तीन वर्षांचे एलएल.बी., बी.एड., पत्रकारिता, समाजकार्य किंवा ग्रंथालयशास्त्र असे काहीतरी चढवावे लागते. म्हणून हिशेब तीन वर्षांचा न करता पाच वर्षांचा कर. नव्या रचनेत तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर ते चौथे वर्ष संशोधनासह करता येते. चौथे वर्ष केले की पुढचे एम.ए. एका वर्षाचे होते. म्हणजे पाच वर्षे तीच, पण विषयात खोल जाण्याची संधी अधिक. प्राध्यापकीविषयी मात्र डोळे उघडे ठेव. नेट किंवा सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण, पीएच.डी. झालेली हुशार माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवत आहेत. माझ्या एका विद्यार्थ्याची त्यात अकरा वर्षे गेली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन बंद असे तेव्हा तो गावी जाऊन भावाच्या शेतात राबत असे. प्राध्यापक व्हायचे स्वप्न बघू नकोस, असे मी सांगणार नाही; ती एकच वाट धरून विषय निवडू नकोस, एवढेच सांगते. संस्थांची पाहणी करणारी, आकडे वाचून अहवाल लिहिणारी, भाषांतर करणारी, जुने दस्तऐवज लावणारी, वकिलीत जमिनीची प्रकरणे लढणारी माणसे याच विषयांतून येतात, आणि नीट लिहिता येणारा, आकड्यांना न घाबरणारा माणूस त्या सर्व ठिकाणी हवा असतो.

मामांचा सल्ला आपुलकीचा आहे, पण त्यामागचे गृहीतक तपासायला हवे. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला आणि आपल्या राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाला ५०० गुण आहेत, पण लेखी परीक्षा १७५० गुणांची असते आणि बाकीचे गुण निबंध व सामान्य अध्ययनाचे आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून त्याच धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे. म्हणजे चार ओळींच्या प्रश्नावर विचार करून दीड-दोन पाने सुसंगत लिहिणे, ही तयारी लागते, आणि ती राज्यशास्त्रात होते तशी इतिहासात, अर्थशास्त्रात किंवा समाजशास्त्रातही होते. जो विषय आवडीने वाचला तोच पुढे वैकल्पिक म्हणून घेता येतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांविषयी मला आदर आहे, तरी पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत तिशी गाठलेल्या कित्येकांना मी ओळखते, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी पदवीचा विषय मनापासून शिकला होता, त्यांना बाहेर पडल्यावर उभे राहणे सोपे गेले.

आता तुझ्या कागदाकडे येते. लांबट, तपकिरी पडलेला, चार घड्यांचा, घडीवर उसवलेला आणि खाली फिकट शिक्का असलेला, असे तू वर्णन केले आहेस. कुणी म्हणाले मोडी, कुणी म्हणाले उर्दू. लिपी कोणती, हे तू स्वतःच ओळखू शकशील. मोडी असेल तर आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत नेलेली दिसतील आणि दोन शब्दांत जागा सोडलेली नसेल. उर्दू असेल तर वर रेघ नसेल, अक्षरांच्या वर-खाली ठिपके असतील आणि ओळ उजवीकडून सुरू झालेली असेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तुमचा भाग हैदराबाद संस्थानात होता. वरच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले आणि गावच्या कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत असे, त्यामुळे दोन्ही शक्य आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या नोंदी वाचायला मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे शोधत फिरावे लागले. ज्या लिपीत आपल्याच आजोबा-पणजोबांच्या जमिनीचे, लग्नाचे, देण्याघेण्याचे कागद आहेत, ती वाचणारी माणसे एवढी थोडी उरावीत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. भावाला हे जरूर सांग. इतिहासात सनावळ्या असतातच, पण तो कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, शिक्का कुणाचा आणि बाकीचे कागद गेले तरी हाच आजोबांनी ट्रंकेत का जपला, असे विचारत गेलीस की इतिहासकाराचे रोजचे काम सुरू झाले.

आणि तरीही तुझे पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर मी थोडी थांबले. कागदाविषयी तू सहा ओळी लिहिल्या आहेस. उधारीच्या वहीविषयी, जिचा उल्लेख तू ‘सुट्टीत थोडी मदत करते’ म्हणून केलास, जवळजवळ सव्वा पान लिहिले आहेस. मृगाच्या तोंडावर सोयाबीनचे बियाणे आणि खताची पोती उधारीवर जातात. दिवाळीच्या सुमारास माल मार्केटला गेला की पैसे येऊ लागतात. ज्याच्या घरी कुणाचा तरी महिन्याचा पगार येतो त्याचे नाव लाल शाईने लवकर खोडले जाते. काही नावे ‘मागील बाकी’ म्हणून तीन वह्यांतून पुढे चालत आली आहेत. पोते न्यायला बाई आली तरी वहीत नाव नवऱ्याचेच लिहिले जाते. हे सगळे तू पाहिलेस. आणि एका ओळीत असे विचारलेस की, ज्याची बाकी सर्वांत जास्त आहे, त्यालाच बाबा पुन्हा उधार का देतात?

मुली, हा फार मोलाचा प्रश्न आहे. या देशात शेतकऱ्याच्या कर्जाचा अभ्यास करणाऱ्यांनी तो निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली आणि त्यांची कर्जखते व हिशेबाच्या वह्या काढून जाळल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धात आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले होते आणि कर्ज सहज मिळत होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव उतरले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. पुढची उधारी बंद होणे हे त्या उठावामागचे एक मोठे कारण होते. तुझे बाबा सर्वांत जास्त बाकी असलेल्याला पुन्हा पोते का देतात, याचे एक उत्तर तिथे सापडते : नवे दिले नाही तर पेरणी होणार नाही, आणि पेरणी झाली नाही तर जुनेही बुडेल. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पुढे स्वतंत्र भारतात रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ या वर्षासाठी ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के आणि सहकारी संस्थांचा ३ टक्क्यांच्या आसपास आढळला. त्या पाहणीच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते १९३० पासूनचे संचालक, आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचे अध्यक्षही तेच. वही, कायदा, आकडे आणि कारखाना हे सगळे एका माणसाच्या अभ्यासात एकत्र आले होते.

म्हणून ‘इतिहास की अर्थशास्त्र’ या प्रश्नाचे मी असे उत्तर देते. तुझ्या मनात आधीपासून असलेला प्रश्न हा कर्जाचा, जमिनीचा आणि माणसांच्या परस्परांवरच्या विश्वासाचा आहे. त्याला दोन्ही विषय लागतात. मुख्य विषय अर्थशास्त्र आणि जोड विषय इतिहास, अशी रचना तुला अधिक लाभेल, असे माझे मत आहे. यामागचे कारण भाऊ सांगतो ते नाही. कारण असे की, गणित एकदा सुटले की परत हाती येणे कठीण जाते, आणि मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांसारख्या ठिकाणी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाला गणित लागते. अर्थशास्त्राच्या पदवीनंतर इतिहासात एम.ए. करायला बहुतेक विद्यापीठांत अडचण नसते. इतिहासाच्या पदवीनंतर उलट दिशेने जाणे फार अवघड आहे. ज्या दाराने आत जाऊन दोन्हीकडे फिरता येते, ते आधी धर. तू विज्ञानात काढलेली दोन वर्षेही वाया गेली, असे समजू नकोस. प्राचीन भारताचे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचीन आहत नाणी, म्हणजे ठोकून चिन्हे उमटवलेली नाणी, हजारोंनी तराजूत तोलली, आणि हाताळून झिजलेल्या नाण्याचे वजन किती घटले यावरून ती किती काळ चलनात होती, याचा संख्याशास्त्रीय अंदाज बांधला. इरावती कर्वे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या, मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या आणि बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात पीएच.डी. झाल्या. पहिल्या पदवीचा विषय त्यांना कुठे अडवू शकला नाही.

माझ्या या मताला एक अपवाद आहे, आणि तो मताइतकाच महत्त्वाचा आहे. ज्या महाविद्यालयात तू जाणार आहेस, तिथे अर्थशास्त्राचे शिक्षक वहीतून मजकूर उतरवून देत असतील आणि इतिहासाचे शिक्षक मुलांना घेऊन एखाद्या बारवेच्या शिलालेखाचा ठसा घ्यायला जात असतील, तर खुशाल इतिहास घे आणि गणिताचा अभ्यास घरी चालू ठेव. अठराव्या वर्षी एक चांगला शिक्षक विषयाच्या नावापेक्षा पुष्कळ अधिक देतो.

हे कसे ओळखायचे? प्रवेशाआधी दोन-तीन महाविद्यालयांत स्वतः जा. आधी ग्रंथालयात जा. या दोन विषयांच्या कपाटातली पाच-सहा पुस्तके काढून शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहा. शेवटचा शिक्का आठ-दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर त्या विभागाची स्थिती कुणाला विचारायची गरज उरत नाही. मी ज्या महाविद्यालयात शिकले तिथे कपाटांना कुलपे होती आणि किल्ली प्राचार्यांच्या टेबलात असे, एम.ए.ला गेल्यावर पहिल्यांदा उघड्या कपाटासमोर उभी राहिले, तो दिवस अजून आठवतो. मग विभागात जाऊन विचार : पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? हा विषय मुख्य म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत खरोखर शिकवला जातो, की मुले कमी पडली म्हणून बंद होतो? जोड विषय म्हणून इतिहास घेता येईल का? पहिल्या वर्षानंतर मुख्य विषय बदलता येतो का? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना गाठून, गेल्या वर्षभरात त्यांनी गाईडबाहेरचे काय वाचले, हे विचार. माहितीपत्रकापेक्षा त्यांच्या उत्तरांवर विश्वास ठेव.

पुण्याचे आकर्षण मला समजते. तिथे फर्ग्युसन, स. प., गोखले संस्था, भांडारकर संस्था, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दप्तराचे मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. पण अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची फी हा मोठा खर्च नसतो. खोली आणि मेस यांचा असतो, आणि तो दर महिन्याला भरावा लागतो. लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला चांगला विभाग सापडला, तर तिथे पदवी करून पुण्याचे पैसे एम.ए.साठी राखून ठेवणे हा कमीपणाचा मार्ग मुळीच नाही. संभाजीनगरला जुने सरकारी कागद जपणाऱ्या पुराभिलेख खात्याचे कार्यालय आहे, तेही तुझ्या कामाचे. आणखी एका शहराचा विचार मराठवाड्यातली मुले करत नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते. हैदराबाद लातूरहून पुण्यापेक्षा दूर नाही. तिथल्या केंद्रीय विद्यापीठात बारावीनंतर पाच वर्षांचे एकात्मिक एम.ए. करता येते आणि निजामी राजवटीचे दस्तऐवज तिथल्याच राज्य अभिलेखागारात आहेत. अशा केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश सीयूईटी या परीक्षेतून होतात. ती मराठीतूनही देता येते, मात्र तिचे अर्ज निकालाआधी, साधारण बारावीच्या परीक्षेच्या सुमारासच भरावे लागतात. तुझी या वर्षीची वेळ गेली आहे. सध्या बारावीत असलेल्या वाचकांनी आणि त्यांच्या पालकांनी हे आताच टिपून ठेवावे.

अशाच आशयाची पत्रे मानसशास्त्राविषयी पुष्कळ येतात, म्हणून दोन वाक्ये त्यांच्यासाठी. बी.ए. झाल्यावर लगेच समुपदेशक होता येत नाही, एम.ए. लागतेच, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर त्यापुढचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. शिवाय या विषयात संख्याशास्त्र भरपूर आहे, आणि ज्यांनी गणित टाळण्यासाठी तो घेतला त्यांची दुसऱ्या वर्षी फार ओढाताण होते.

मराठी माध्यमाची भीती मनातून काढून टाक. विद्यापीठाच्या परीक्षेत या विषयांची उत्तरे मराठीत लिहिता येतात, स्पर्धा परीक्षाही मराठीतून देता येतात. वाचन मात्र दोन्ही भाषांत हवे, कारण या विषयांतले बरेचसे संशोधन इंग्रजीत आहे. रोज इंग्रजीतले एक पान वाच आणि त्याचा आशय पाच ओळी मराठीत लिहून ठेव. आधी मराठी विश्वकोशातली त्या विषयाची नोंद वाचलीस, तर ते पान हलके जाईल; विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. वर्षभरात तुझ्याकडे तीनशेहून अधिक टिपणे असतील आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांशी बोलताना तुला अडखळायला होणार नाही. उधारीची वही लिहिणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता येणे, ही तुझी जमेची बाजू आहेच.

आता बाबा. त्यांच्याशी आवड, स्वप्न अशा शब्दांत बोलू नकोस. ते व्यवहारी गृहस्थ आहेत, त्यांना हिशेब दाखव. येत्या आठवड्यात त्यांची परवानगी घेऊन एका जुन्या वर्षाची वही घे. नावांऐवजी क्रमांक घाल, कारण ती लोकांची खासगी बाब आहे. जूनपासून पुढच्या मेपर्यंत दर महिन्याला किती उधारी गेली, किती वसूल झाली आणि वर्षअखेर बाकी किती राहिली, याचा तक्ता कर. कोरडवाहूवाल्यांची आणि विहीर असलेल्यांची वसुली वेगळी काढ. मग तो तक्ता बाबांसमोर ठेव आणि तुझा तो प्रश्न त्यांनाच विचार. ते जे उत्तर देतील ते लिहून घे. आपली मुलगी जे शिकू म्हणते ते आपल्या दुकानाशी संबंधित आहे, हे मी पत्रातून सांगून त्यांना पटणार नाही, पण तक्ता पाहून पटण्याचा संभव आहे. न पटले तरी एक लाभ तुझा आहे. तक्ता करताना कंटाळा आला आणि मन पुन्हा पुन्हा ट्रंकेकडे धावले, तर माझे वरचे मत बाजूला ठेव आणि इतिहास मुख्य घे.

आईची काळजी हलक्याने घेऊ नकोस. बी.ए. म्हणजे लग्न ठरेपर्यंतचे शिक्षण, हा समज आपल्याकडे अजून आहे आणि त्यामुळे कितीतरी चांगल्या विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाला वर्गातून नाहीशा झालेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून प्रवेशाआधीच आईबाबांसमोर स्पष्ट बोल : हे शिक्षण पाच वर्षांचे आहे, तोवर स्थळे पाहायची नाहीत, आणि दर वर्षी निकाल लागल्यावर मी स्वतः तुमच्यासमोर बसून पुढच्या वर्षाचा खर्च आणि बेत सांगेन. आईला या बोलण्यात तुझ्या बाजूने बसव. तिने काळजी बोलून दाखवली, म्हणजे तिला तू शिकायला हवी आहेस. भावालाही एक काम दे. पुण्यातल्या दोन महाविद्यालयांत जाऊन वर लिहिलेले प्रश्न त्याने विचारून यावेत.

आणि त्या कागदाविषयी शेवटची विनंती. तो कुणाच्याही सांगण्यावरून लॅमिनेट करू नकोस, फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नकोस आणि पुन्हा घडी घालू नकोस. सपाट ठेवून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळ, ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर त्यांचा स्पर्श होऊ देऊ नकोस. दिवसाच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही अशा जागी दोन्ही बाजूंचे फोटो काढ, शिक्क्याचा वेगळा काढ. पुराभिलेख खाते वेळोवेळी मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेते, त्यांची चौकशी करून ठेव. कागद उर्दूतला निघाला, तर तालुक्याच्या बाजारात एखादे जुने मुस्लिम गृहस्थ हस्तलिखित उर्दू वाचणारे नक्की भेटतील. मूळ कागद नेऊ नकोस, फोटोची प्रत ने, आणि ते वाचत असताना शेजारी बसून शब्दन्‌शब्द लिहून घे.